इटलीतल्या मराठा रणभूमीवर विद्यार्थ्यांना नेताना

युरोपातल्या युद्धभूमी म्हटल्या की सहलीच्या आयोजकांना नॉर्मंडीचा किनारा आणि बेल्जियममधले खंदक आठवतात. महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजाने मात्र आधी इटलीचा विचार करावा. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनेच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इथे लढल्या आणि ५,७०० हून अधिक भारतीय सैनिक इथे मरण पावले. त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते, म्हणजे सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर, नगर इथली शेतकऱ्यांची पोरे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे शौर्याचे सर्वोच्च पदक, मिळाला. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर तो मिळवला, आणि ते जिवंत परतले.

अशी सहल जमते किंवा फसते ती दोन गोष्टींवर. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात निघण्याआधी एका सैनिकाचे नाव हवे. आणि ठिकाणे कमी हवीत. कबरींवरच्या हजारो पांढऱ्या शिळांसमोर नुसते उभे केले तर पंधरा-सोळा वर्षांची मुले दहा मिनिटांत मोबाईल काढतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. तेच पोर आपल्या तालुक्यातल्या माणसाचे नाव शोधत असेल तर तासभर हलत नाही.

नावे शोधण्याचे काम, निदान सहा महिने आधी

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारा आयोग, याच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची शोधयादी फुकट उपलब्ध आहे. देश इटली, सेना भारतीय, युद्ध दुसरे एवढे निवडून रेजिमेंटच्या रकान्यात शोधायचे. पहिली ठेच इथेच लागते. ‘मराठा’ असे आजच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहिले तर काही सापडत नाही, कारण तेव्हाचे अधिकृत स्पेलिंग वेगळे होते. त्यात ‘म’नंतर ‘ह’ आणि दोन ‘ट’ येतात. ‘३/५’ असे दिसले तर तो अपूर्णांक नव्हे, पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. इटलीत आपल्या कामाच्या मुख्यतः दोन बटालियन: १/५ ही आठव्या डिव्हिजनमध्ये आणि ३/५ ही दहाव्या डिव्हिजनमध्ये.

यादी संगणकावर उतरवून घेता येते. नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर, मृत्यूची तारीख, स्मारकाचे नाव आणि पॅनेल किंवा कबरीचा क्रमांक हे रकाने ठेवा. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात बापाचे नाव आणि गाव असते, पण ते इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले. आडनावाची तीन-चार स्पेलिंगे करून पाहावी लागतात. गाव ओळखताना जुना नकाशा लागतो. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. रत्नागिरीत तेव्हा सिंधुदुर्ग होता आणि साताऱ्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता. कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, जत ही संस्थाने होती, त्यामुळे त्यांची नोंद जिल्हा म्हणून मिळणार नाही. गावे लावण्याचे काम भूगोलाच्या शिक्षकांना द्या, इतिहासाच्या माणसापेक्षा ते लवकर करतात.

नाव पक्के झाले की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि गावच्या ग्रामपंचायतीत विचारणा करा. कुटुंब सापडले तर फोटो, पेन्शनचे कागद, कधी पदकही निघते. एक खबरदारी घ्या. कोकणात आणि देशावर अनेक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ अशी संगमरवरी पाटी असते, ती १९१४ ते १९१९ च्या युद्धाची. मुले ती पाहून पणजोबांना इटलीत पाठवतात. आधी तारखा तपासा.

तारखेवरून आणखी एक गोष्ट कळते. नोव्हेंबर १९४३ मध्ये मृत्यू असेल तर बहुधा सांग्रो नदीचा परिसर, मे १९४४ असेल तर कॅसिनो आणि गारी नदी, जून-जुलै १९४४ असेल तर मध्य इटली, एप्रिल १९४५ असेल तर सेनिओ. पण माणूस जिथे पडला तिथेच त्याचे नाव असेल असे नाही. घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात पडले, त्यांची कबर माहीत नाही, आणि नाव आहे अडीचशे किलोमीटरहून दूर, कॅसिनोच्या स्मारकावर. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याच्या चिठ्ठीवर दोन ठिकाणे लिहा: ‘कुठे पडला’ आणि ‘कुठे नाव आहे’.

हिंदू आणि शीख सैनिकांवर शक्य तिथे अग्निसंस्कार झाले. अशांना शिळा नाही, त्यांची नावे दहनस्मारकावर एकत्र कोरली आहेत. हे आधी सांगितले नाही तर मुले शिळांच्या रांगांतून नाव शोधत फिरतात आणि शेवटी ‘आपल्या माणसांची कबरच नाही’ म्हणून नाराज होतात.

मार्ग

रोमला उतरायचे आणि बोलोन्याहून परतायचे. परत रोमला यायचा हट्ट धरला तर एक पूर्ण दिवस रस्त्यात जातो. विमानतिकीट काढताना ‘येणे एका शहरात, जाणे दुसऱ्या शहरातून’ असे मागा, किमतीत फार फरक पडत नाही. एकूण आठ रात्री पुरतात.

कॅसिनोला दोन रात्री द्या. रोमहून साधारण १४० किलोमीटर. पहिल्या दिवशी दुपारी कॉमनवेल्थ दफनभूमी: ४,२७१ कबरी, आणि बेपत्ता असलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे हिरव्या संगमरवराच्या खांबांवर. यशवंत घाडगे यांचे नाव इथे आहे. इथून मान वर केली की डोंगरावरचा मठ दिसतो, आणि लढाईचे सगळे गणित त्या एका नजरेत कळते: वरून पाहणाऱ्या माणसाला खालचा प्रत्येक माणूस दिसतो. नकाशा उघडण्याआधी मुलांना पाच मिनिटे नुसते पाहू द्या.

दुसऱ्या दिवशी मठ. १५ फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जमीनदोस्त झाला, आज दिसतो तो पुन्हा बांधलेला. चौथी भारतीय डिव्हिजन याच डोंगराच्या उतारावर फेब्रुवारी-मार्चमध्ये झगडली. मठ हे चालते धर्मस्थान आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात हाफपँट घालून गेलेल्या मुलांना दारातच थांबावे लागते. मठाजवळ पोलिश सैनिकांची दफनभूमी आहे आणि खोऱ्यात काइरा इथे जर्मनांची, सुमारे २०,००० मृतांची. जर्मन दफनभूमी वगळू नका. तिथे मुलांचे प्रश्न बदलतात. दुपारनंतर सांत आंजेलो गावाजवळ गारी नदीवर जा. मे १९४४ मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनने इथे नदी ओलांडली आणि १२ मे रोजी शिपाई कमल राम यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नदी पाहून मुले हिरमुसतात, ‘एवढीशी?’ म्हणतात. रुंदी नका दाखवू, पाण्याचा वेग दाखवा आणि पलीकडचा उघडा काठ दाखवा.

तिसरा दिवस डोंगर ओलांडून एड्रियाटिक किनाऱ्याकडे, सांग्रो नदीच्या दफनभूमीला. बसने अडीच ते तीन तास, रस्ता वळणांचा, उलटीच्या पिशव्या आणि गोळ्या पुढच्या सीटवर ठेवा. इथे २,६१७ कबरी आहेत आणि दहनस्मारकावर ५०० हून अधिक भारतीयांची नावे. बहुतेक गट हे ठिकाण गाळतात कारण ते वाटेवर नाही. मराठी मुलांना मात्र इथे आणावेच, १/५ मराठा असलेली आठवी डिव्हिजन याच नदीवर लढली होती. मुक्काम किनाऱ्यावरच करा.

त्यानंतरचा प्रवास लांबचा आहे, किनाऱ्याहून उम्ब्रिया प्रांतात चार तासांहून जास्त. त्या दिवशी दुसरे काही ठरवू नका. पेरुजिया किंवा चित्ता दी कास्तेल्लो इथे दोन रात्री राहून मोन्तोने गाव करावे. जुलै २०२३ मध्ये इथे घाडगे यांचे सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले. गाव टेकडीवर आहे, मोठी बस खाली थांबते आणि पुढे चढ पायी. शाळेने महिनाभर आधी मोन्तोनेच्या नगरपालिकेला इटालियनमध्ये एक साधे पत्र पाठवावे: कोण येतो, किती जण, कधी. लहान गावांत अशा पत्राला मान असतो. मुलांना तिथे घाडग्यांच्या लढाईचा क्रम सांगा. जवळजवळ सगळी तुकडी पडलेली, मशीनगनवर एकट्याने धाव, बॉम्बने गन बंद, एकाला गोळी, मग मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेले दोघे. आणि शेवटी लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्या. वय २२. दुसऱ्या दिवशी अरेझ्झोची दफनभूमी, १,२६६ कबरी, त्यांत भारतीय बरेच.

पुढे ई-४५ महामार्गाने अपेनाइन पर्वत ओलांडून फोर्ली. इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. फोर्लीत दोन युद्ध दफनभूमी आहेत आणि त्या एकाच आवारात नाहीत. आपल्याला हवी ती ‘इंडियन आर्मी’ नावाची, सुमारे ५०० कबरी आणि दहनस्मारकावर ७०० हून अधिक नावे. बसचालकाला नुसते ‘फोर्ली वॉर सेमेटरी’ सांगितले तर तो दुसरीकडे नेतो. सगळ्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कागदावर छापून त्याला द्या.

शेवटचा मुक्काम सेनिओ. अल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचे संग्रहालय आहे. नदी दोन्ही बाजूंना उंच मातीच्या बांधांमध्ये वाहते आणि जर्मनांनी तेच बांध पोखरून ठाणी केली होती. बांधावर चढल्याशिवाय नामदेव जाधवांनी काय केले ते कळत नाही. दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून आणले, मग परत फिरून तीन मशीनगन ठाणी बंद केली आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून रेजिमेंटची युद्धघोषणा दिली. मुले तिथे ‘शिवाजी महाराज की जय’ म्हणणारच. बांधावर म्हणू द्या, दफनभूमीत नको.

व्हिसा आणि कागद

शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या अनेक देशांसाठीच्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. एप्रिल-मेच्या सुट्टीसाठी भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून जानेवारीत गटाची वेळ मागा. बारा वर्षांवरील प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः व्हिसा केंद्रावर जावे लागते. पन्नास मुलांना एका दिवशी केंद्रावर नेणे ही स्वतंत्र सहलच असते, तिची तयारी तशीच करा.

पासपोर्ट युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन पाने कोरी हवीत. लहानांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो, पालकांच्या ते लक्षात राहत नाही. आपल्याकडची खास अडचण नावाची. काही पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव मध्ये असते, विम्यावर तिसरेच काही. तिकीट, विमा आणि अर्ज या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच हवे. हे काम एकाच शिक्षकाकडे ठेवा आणि दुसऱ्याने ते तपासावे.

अठराखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो. पालक विभक्त असतील तर ताब्याचा कोर्टाचा आदेश, एक पालक हयात नसेल तर मृत्यूदाखला. हे प्रश्न वर्गासमोर नव्हे, पालकांना एकेकटे बोलावून विचारा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, पूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा. शैक्षणिक कारणासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना व्हिसा शुल्कातून सूट देण्याची तरतूद नियमांत आहे, पण शाळेच्या पत्रात ‘सहल’ लिहून ती मागितली तर मिळणे अवघड. पत्रात अभ्यासाचा विषय, रोजचा कार्यक्रम आणि जबाबदार शिक्षकांची नावे स्पष्ट लिहा. केंद्राचे सेवाशुल्क मात्र भरावेच लागते.

बस, वेळ, जेवण

युरोपात बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती, दिवसात साधारण नऊ तास चालवणे, आणि रात्रीची ११ तासांची सलग सुट्टी. याचा हिशेब असा: बस सकाळी ७ ला निघाली तर रात्री ८ ला ती थांबली पाहिजे, मधले थांबे धरून. आपल्याकडचा ‘जरा लवकर निघू, जरा उशिरा पोचू’ हा खाक्या तिथे चालत नाही. चालक गाडी बाजूला घेऊन उभी करतो आणि त्याचे बरोबर असते, कारण नोंद यंत्रात होते आणि दंड त्याला बसतो. मोठ्या शहरांच्या जुन्या भागात बसला परवान्याशिवाय प्रवेश नाही, म्हणून हॉटेल ठरवताना ‘बस दारापर्यंत येते का’ हे आधी विचारा.

काळ निवडताना एप्रिल, मे, सप्टेंबर किंवा ऑक्टोबर पाहा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाचच्या आसपास अंधारते. दफनभूमी चारपर्यंत आटोपा. २५ एप्रिल, १ मे, २ जून आणि १५ ऑगस्ट या सुट्ट्यांना संग्रहालये आणि दुकाने बंद असू शकतात.

जेवणात वेळ सांभाळा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आधी उघडत नाहीत. शाकाहारी मुलांचे टोमॅटोच्या पास्त्यावर भागते. सूप आणि रिसोटो (तिथला मऊ भात) मात्र मांसाच्या रश्श्यात शिजलेले असू शकतात आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट (दूध गोठवणारा पाचकरस) असते. जैन कुटुंबांना हे निघण्यापूर्वी सांगा. महामार्गावरच्या उपाहारगृहांत बहुधा आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग काउंटरवर जायचे. चाळीस मुले उलट रांगेत उभी राहिली की अर्धा तास जातो.

घरून आणताना दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नको: पेढे, बर्फी, तूप, पनीर हे युरोपीय संघाच्या सीमेवर जप्त होऊ शकते. भाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याच्या चटणीला हरकत नाही. भारतातला तीन पिनांचा जाड प्लग तिथे बसत नाही, गोल दोन पिनांचा बसतो. दर दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि त्याखेरीज एक मोकळा, कारण एक मूल दवाखान्यात गेले की एक शिक्षक तिथेच अडकतो. आपत्कालीन क्रमांक ११२.

दफनभूमीत वागण्याबद्दल

प्रवेशाजवळ धातूच्या दाराची एक छोटी पेटी असते, आत नोंदवही आणि भेटवही. विद्यार्थ्यांनी नाव तिथे पडताळून मग क्रमांकाने जायचे: आधी विभाग, मग रांग, मग कबर. नोंदवही हाताळण्याचे काम एका मुलाकडे ठेवा, नाहीतर गर्दीत पाने फाटतात.

अस्पष्ट अक्षरांचा फोटो घेण्यासाठी शिळेवर पीठ, खडू किंवा पाणी लावू नका, दगड खराब होतो. बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला की अक्षरे उठून दिसतात. पणती लावायची इच्छा असते, पण तेलाचे डाग शिळेवरून जात नाहीत. बॅटरीची पणती न्या.

गावची माती नेऊन कबरीवर ठेवावी, आणि तिथली माती घरी आणावी, ही कल्पना प्रत्येक गटात कोणीतरी मांडतोच. भारतातली माती युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे आणि परदेशी माती भारतात आणायलाही परवाना लागतो. तेच फुले आणि रोपांचे. पुष्पचक्र तिथल्याच फुलवाल्याकडून दोन दिवस आधी सांगून घ्या. गावाकडून न्यायचेच असेल तर कुटुंबाच्या हस्ताक्षरातले पत्र न्या, प्लास्टिकच्या पाकिटात, एक प्रत शाळेत ठेवून.

समारंभ पंधरा मिनिटांचा पुरे. रांगेत उभे राहणे, प्रत्येकाने आपल्या सैनिकाचे नाव, हुद्दा आणि गाव मोठ्याने वाचणे, दोन मिनिटे स्तब्धता, पुष्पचक्र. भाषणे बसमध्ये करा. लाऊडस्पीकर नको.

डोंगरात फिरताना गंजलेले काही धातूचे दिसले तर हात लावायचा नाही आणि उचलायचे तर मुळीच नाही. ऐंशी वर्षांनंतरही जिवंत दारूगोळा सापडतो. काडतुसाचे रिकामे टरफलसुद्धा विमानतळाच्या स्कॅनरवर दिसले तर सगळा गट थांबतो.

एक प्रश्न मुले विचारणारच: हे सैनिक इंग्रजांसाठी का लढले? उत्तर टाळू नका. १९४३ मध्ये साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते आणि त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातली माणसे सांग्रोच्या काठावर होती. एकाच घरातला एक भाऊ भूमिगत आणि दुसरा पलटणीत असे का होऊ शकत होते, यावर निघण्याआधी दोन तास चर्चा घ्या. दुष्काळ, शेतीचा तुकडा, सैन्याचा पगार, घराण्याची परंपरा, सगळे येऊ द्या. इटलीतल्या सामान्यांचेही विसरू नका. बोलोन्याजवळ मार्झाबोत्तो परिसरात १९४४ च्या शरदात नाझींनी सुमारे ७७० गावकरी मारले, आणि शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचे असेल तर तिथे जाता येते. तेही एकच ठिकाण, धावपळ नको.

परतल्यावर पंधरा दिवसांत काम संपवा. प्रत्येकाने नावाचा फोटो, पॅनेलचा क्रमांक आणि पानभर माहिती कुटुंबाला आणि ग्रामपंचायतीला पाठवायची. आयोगाच्या नोंदीत गावाचे किंवा बापाचे नाव चुकलेले आढळले, आणि कुटुंबाकडे पेन्शनचा कागद किंवा सर्व्हिस बुक असेल, तर दुरुस्तीचा अर्ज संकेतस्थळावरूनच करता येतो. अर्जात मूळ सर्व्हिस नंबर आधी लिहा, कारण नुसत्या नावावर ‘शिंदे’ आणि ‘पवार’ शेकडोंनी निघतात.